गाडी खाली कोण नेणार

जावयाचा फोन आला तेव्हा ती एक्स-रेच्या खोलीत, दोन पेशंटांच्या मधल्या मोकळ्या वेळात शिशाचा एप्रन खुंटीला अडकवत होती. "आई, एकच विचारायचं होतं," तो म्हणाला, "तुमच्या लायसनची मुदत आहे ना अजून?" आहे की, ती म्हणाली, का रे? "नाही, गाडी खाली न्यावी लागेल ना. आम्ही वरच्या पुलापाशी पाण्यात उतरणार आणि बाहेर निघणार पार खालच्या गावात. मग गाडी तिकडे कुणीतरी आणून ठेवायला हवी. रस्ता चांगला आहे, तुम्हाला काही त्रास नाही. बाकीचं संध्याकाळी बोलूच." मागून त्याला कुणीतरी हाक मारत होतं. "बरं," ती म्हणाली आणि फोन बंद झाला. जावई अगदी गोड बोलला होता. तो नेहमीच गोड बोलतो. एप्रन खुंटीवरून घसरून जमिनीवर धप्पकन पडला. तिने तो उचलला, पुन्हा अडकवला, वरची घडी सारखी केली, आणि तेव्हा कुठे तिला कळलं की आपण 'बरं' म्हणालो आहोत.

आम्ही. आपण नाही, आम्ही. आम्ही पाण्यात उतरणार. हा शब्द त्याने ठरवून वापरला नव्हता, हेच तिला सगळ्यात जास्त झोंबलं. ठरवून वापरला असता तर भांडता आलं असतं. तो त्याच्या तोंडून असा निसटला होता जसा बुटातून खडा निसटावा, आणि त्या एका शब्दात कोण कुठे बसणार, कोण कुठे थांबणार, सगळं आधीच ठरून गेलेलं होतं. आणि ही सहल होती कुणाची? मागच्या वर्षी मोठ्या जावेच्या मुलाच्या लग्नाहून परत येताना बस एका उंच पुलावर अडकली होती. बाकीचे झोपले होते. तिने खिडकीतून खाली पाहिलं. दोन्ही बाजूंना पांढऱ्या दगडाचे सरळसोट कडे, मधे हिरवं पाणी, इतकं हिरवं की ते खोल असणार हे बघतानाच पोटात जाणवावं, आणि त्यावर तीन चिंचोळ्या होड्या, लाल, पिवळी, पुन्हा लाल. कुणीतरी वल्हं मांडीवर आडवं टाकून नुसतंच वाहत चाललं होतं. मान वर करून कडे बघत होतं. बस सुटली, तरी तिची मान मागे वळलेलीच राहिली. घरी आल्यावर तिनेच शोधलं की त्या होड्यांना कायाक म्हणतात, तिथे एक बाई त्या भाड्याने देते, दोन दिवसांत तो सगळा पट्टा उतरता येतो, मधे वाळूच्या काठावर तंबू टाकून मुक्काम करतात. कुठल्या महिन्यात पाणी फार ओढीचं असतं आणि कुठल्या महिन्यात होडीचा तळ दगडांना घासतो, हे त्या बोटवालीला फोन करून तिनेच विचारलं होतं. मग जेवणाच्या टेबलावर तिने विषय काढला, आणि सगळ्यांना तो इतका आवडला की बघता बघता तो तिच्या हातातून सगळ्यांच्या हातात गेला. सहल सगळ्यांची झाली, इथवर ठीक होतं. ती एकटीची नाही झाली तरी चालणार होतं. पण तिच्याशिवायची झाली.

पुढची पेशंट म्हणजे एक म्हातारी बाई, मनगट सुजून टम्म झालेलं. बरोबर मुलगा होता, चांगला उंचापुरा, हातात आईची पर्स. "काय झालं?" तिने म्हातारीला विचारलं. "बाथरूममध्ये घसरली," मुलगा म्हणाला. म्हातारी छताकडे बघत होती. "दुखतंय कुठे, इथे की इथे?" "सगळीकडेच दुखतंय म्हणते," मुलगा म्हणाला. "आधी कधी याच हाताला लागलं होतं?" "नाही, नाही. तिला नाही आठवायचं." एरवी असले मुलगे तिने शेकड्यांनी पाहिले होते. काळजीवाहू, थकलेले, रजा टाकून आलेले. आज मात्र तिच्या डोक्यात तिडीक गेली. "तुम्ही बाहेर बसा," ती म्हणाली, "इथे किरण असतात." दार लावून घेतल्यावर तिने म्हातारीचा हात हळूच प्लेटवर ठेवला, बोटं सरळ केली. तेव्हा म्हातारी म्हणाली, "शिडीवरून पडले. झाडाची फांदी कापत होते. त्याला सांगितलं तर शिडी विकून टाकेल." तिला हसू आलं. "मग कापली का फांदी?" तिने विचारलं. "कापली तर," म्हातारी म्हणाली, "फांदीबरोबरच खाली आले." फोटोत मनगटाचं हाड स्वच्छ तुटलेलं दिसलं, आणि बाजूलाच जुनं, कधीतरी तुटून आपलं आपणच सांधलेलं दुसरं. तेही कुणाला सांगितलेलं नसणार. मुलगा आत आला, त्याने आईच्या खांद्यावर शाल टाकली आणि म्हणाला, "बघ, म्हणून सांगत असतो, बाथरूममध्ये चपला घालून जात जा." म्हातारीने मुकाट्याने मान हलवली.

डब्याच्या सुट्टीत ती मागच्या जिन्यावर जाऊन बसली. जिना थंड होता आणि फिनेलचा वास येत होता. तिला तिची कडेला बसायची सगळी ठिकाणं एकामागून एक दिसायला लागली. पोहण्याच्या तलावाची सिमेंटची पायरी. धाकट्या भावाचा शर्ट तिच्या मांडीवर, भाऊ पाण्यात हातपाय मारतोय, आणि वडील सांगतायत, तू कपडे सांभाळ, तुझं पुढच्या वर्षी बघू. पुढचं वर्ष आलं तेव्हा ती मोठी झाली म्हणून राहिलं. लग्न झाल्यावर नवऱ्याच्या मित्रांबरोबर सगळे धबधब्यावर गेले होते तो सपाट काळा दगड. त्यावर चार बायका बसलेल्या आणि त्यांच्या ओच्यात चार घड्याळं, चार पाकिटं, चार चष्मे. पुरुष पाण्यात ओरडत होते. मग समुद्रावर लेकीचे कपडे, लेकीच्या चपला, लेकीने गोळा केलेले शिंपले, नवऱ्याचा चष्मा. ओल्या टॉवेलांचा तो वास. सगळे पाण्यातून बाहेर यायचे, कुडकुडत, हसत, भुकेले, आणि तिच्याकडे हात पुढे करायचे, आणि ती ज्याचं त्याला देत जायची. चुकत कधी नव्हती. "तू आहेस म्हणून बरं आहे," नवरा केस पुसत म्हणायचा, "वस्तू हरवायची भीती नाही." हे कौतुक होतं. ती खूशही व्हायची, हे आज आठवून तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पोहायला ती शिकली चाळिशी उलटल्यावर, लेक कॉलेजात गेली तेव्हा, बायकांच्या राखीव तासाला, डोक्यावर रबरी टोपी घालून. नवऱ्याने विचारलं होतं, "आता कशाला?" त्या प्रश्नात विरोध नव्हता. नुसतंच कुतूहल होतं, तेही फार नाही.

आणि गेले काही महिने दर शनिवारी ती गावाबाहेरच्या तळ्यावर जात होती. हे सगळ्यांना माहीत होतं. लेकीने तिचा लाइफ जॅकेटमधला फोटो सगळ्यांना पाठवला होता, जावयाने त्यावर टाळ्यांचं चित्र टाकलं होतं, नवऱ्याने तर तो फोटो आपल्या मित्रांना दाखवला होता, आमची ही बघा म्हणून. तळ्यावर शिकवणारी मुलगी सडपातळ आणि कडक होती. वयाचा विषय तिने एकदाही काढला नाही. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी ती म्हणाली, "आज उलटायचं." उलटायचं म्हणजे बसल्या बसल्या होडीसकट पालथं व्हायचं. कमरेभोवती होडीच्या तोंडाला ताणून बसवलेलं कापड असतं, पाणी आत येऊ नये म्हणून; ते पाण्याखाली, डोकं खाली असताना, ओढून सोडवायचं आणि बाहेर यायचं. तिने श्वास घेतला आणि कलंडली. आयुष्यभर ती दुसऱ्यांना सांगत आली होती, श्वास घ्या, रोखून धरा, हलू नका. आता स्वतःचाच आवाज कानात आला. पाणी नाकात शिरलं, थंडगार. सगळं हिरवं-काळं. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. क्षणभर पाय होडीत अडकलेले आणि छातीत एक प्राणी धडका देतोय. मग हाताला कापडाची ती छोटी पट्टी लागली. ओढली. मांड्या मोकळ्या झाल्या, आणि ती उजेडात आली, खोकत, नाक गळत, केस तोंडावर. शिकवणारी म्हणाली, "पुन्हा." ती पुन्हा कलंडली. त्या दिवशी घरी येताना तिने वाटेत गाडी थांबवली आणि काचा लावून मोठमोठ्याने गाणं म्हटलं, कुठलंतरी, शब्द न आठवणारं. आणि या बाईला जावई विचारतो, लायसनची मुदत आहे ना.

संध्याकाळी नवरा आणि ती लेकीकडे निघाले तेव्हा गाडी तीच चालवत होती. नवऱ्याने गेल्या वर्षापासून गाडी चालवणं सोडलं होतं; उजवा गुडघा. त्या गुडघ्याचा फोटो तिनेच काढला होता. दोन हाडांच्या मधे जी काळी फट दिसायला हवी ती जवळजवळ बुजलेली, कडेला काट्यांसारखी टोकं. तो गुडघा तिला आतून माहीत होता. "तुम्ही कुठल्या बोटीत बसणार?" तिने सिग्नलला विचारलं. "मी आणि लेक एका," तो म्हणाला, "दुसरीत जावई आणि नात. दोघांच्या बोटी आहेत ना. कसं मस्त जमलंय." "आणि गुडघा?" "बसूनच तर राहायचंय, गं. हात चालवायचे." "आणि होडीत शिरायचं कसं? बाहेर निघायचं कसं?" "धरतील की कुणीतरी," तो म्हणाला. पाठीमागून हॉर्न वाजला. सिग्नल कधीचा हिरवा झाला होता. तिने इतक्या झटक्यात गाडी काढली की त्याने समोरची कड घट्ट धरली. त्याला धरतील. आयुष्यभर पाण्यात उतरत आलेल्या माणसाला आता बोटीत बसवायलाही चार हात येतील. आणि तिला विचारतसुद्धा नाहीत की तुला यायचंय का, कारण ती गाडीत बसलेलीच आहे, स्टिअरिंग हातात घेऊन, सगळ्यांना पोचवत. तिने शेजारी पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता, खुशीत, ओठांवर काहीतरी गुणगुणत. वाईट माणूस नव्हता. आयुष्यात त्याने तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. चढवायची वेळच कुठे आली होती, तिच्या मनात आलं, आणि तिला स्वतःचाही राग आला, आणि तो राग पुन्हा फिरून त्याच्यावरच गेला.

जेवणं झाली. नात आतल्या खोलीत चित्रं रंगवत बसली. जावयाने टेबल पुसून त्यावर नदीचा नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. नदी निळ्या दोरीसारखी गुंतत गुंतत खाली आली होती. "इथे उतरायचं," तो बोट ठेवत म्हणाला, "इथे कडे सुरू होतात, हा भाग सगळ्यात सुंदर. इथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी इथे थोडं खळाळतं पाणी आहे, पण फार नाही. आणि इथे बाहेर. आई इथे गाडी घेऊन येतील. म्हणजे त्या पहिल्या दिवशी मुक्कामाच्या जागी पण येऊ शकतात, रस्ता जवळून जातो. जेवणाचं सामान, कोरडे कपडे, सगळं गाडीतच राहील. पाण्यात काही न्यायलाच नको." तो खरोखर खूश होता. हा आराखडा त्याला फार सुबक वाटत होता, आणि होताही.

"आणि मी कुठल्या बोटीत?" तिने विचारलं.

जावयाने वर पाहिलं. ती थट्टा करतेय असं वाटून तो अर्धवट हसला. नवरा म्हणाला, "अगं, तो सांगतोय ना, गाडी—" "मला ऐकू येतं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. उलट खाली गेला होता. "नदी मी शोधली. बोटवालीशी मी बोलले. या घरात कायाक चालवायला शिकलेलं माणूस एकच आहे. तुम्ही चौघांनी कधी वल्हं हातात धरलेलं नाही. उद्या उलटलात तर बाहेर कसं यायचं ते तुमच्यापैकी कुणाला माहीत नाही. आणि मी रस्त्याने कोरडे कपडे घेऊन येऊ?"

"आई, तसं नाही," जावई म्हणाला. "मला वाटलं, दोन दिवस ऊन, पाणी, तुम्हाला झेपायला हवं."

"यांना झेपणार आहे?" तिने नवऱ्याकडे न बघता विचारलं. "यांच्या गुडघ्यात घासायला कूर्चा उरलेली नाही. मला विचार, फोटो मीच काढलाय."

नवरा ओशाळला. त्याने टेबलाखाली गुडघ्यावर हात ठेवला. "मला कुणी काही म्हणालं नाही," तो पुटपुटला, जसं काही त्यालाही कुणीतरी परस्पर बोटीत बसवलं होतं. "तुला यायचं होतं तर सांगायचंस."

"यायचं होतं तर," ती म्हणाली. तिला पुढे खूप बोलायचं होतं, आणि त्यातलं काहीच या टेबलावर मावण्यासारखं नव्हतं. "मी एकटीची बोट घेणार आहे. बोटवालीकडे आहेत एकट्याच्या. गाडीचं तुमचं तुम्ही बघा."

मग जे झालं ते तिने फार लक्ष देऊन पाहिलं, कारण असं काही तिने आजवर बाहेरून कधी पाहिलंच नव्हतं. गाडीचं कोण बघणार हा प्रश्न टेबलावर पडला आणि कुणीच तो उचलेना. जावई म्हणाला, नातीबरोबर तो हवाच, ती लहान आहे. नवरा म्हणाला, तो तर गाडीच चालवत नाही हल्ली, नाहीतर त्याने हौसेने नेली असती. जावयाने मित्रांची नावं घेऊन पाहिली. एक गावाला जाणार होता, दुसऱ्याला सांगणं बरं दिसलं नसतं, दोन दिवस कुणाला असं नुसतं रस्त्याने फिरवायचं म्हणजे. बरं दिसलं नसतं, हे तो तिच्यासमोर म्हणाला. तिची लेक इतका वेळ टेबल आणि ओटा यांच्यामधे ये-जा करत होती. ताटं उचल, उरलेलं झाक, आतल्या खोलीत डोकावून ये. आता ती ताटांची चळत हातात घेऊन जाता जाता म्हणाली, "मी नेते ना गाडी. त्यात काय."

अगदी सहज म्हणाली. वळूनसुद्धा बघितलं नाही. "बरं होईल," जावई म्हणाला, सुटल्यासारखा, आणि लगेच नकाशाकडे वळला. "मग बाबा माझ्याबरोबर, पिल्लू मधे, आई त्यांच्या बोटीत. ठरलं."

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. स्वतःवर ही पाळी आली तेव्हा इतकं झालं नव्हतं. लेक तीन महिन्यांपासून या सहलीबद्दल बोलत होती. तिने नवीन टोपी घेतली होती, कड्यांमधे आवाज घुमतो का असं आईला दोनदा विचारलं होतं. आणि ती 'त्यात काय' म्हणाली त्या आवाजात एक विशिष्ट हलकेपणा होता, कुणाला ओझं वाटू नये म्हणून मुद्दाम आणलेला, शेवटच्या अक्षराला किंचित उडवणारा. हा आवाज कुणी शिकवत नाही. मांडीवर शर्ट घेऊन बसलेल्या बाईच्या शेजारी खेळता खेळता तो कानात शिरतो.

"काहीही ठरलेलं नाही," ती म्हणाली. "ती गाडी नेणार नाही."

"आई, जाऊ दे ना," लेक ओट्याकडून म्हणाली, "मला खरंच चालेल."

"मला नाही चालणार." तिने पर्समधून फोन काढला, बोटवालीचा नंबर लावला आणि फोन नकाशावर, नदीच्या मधोमध ठेवून त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. बराच वेळ वाजल्यावर बोटवालीने उचलला. मागे कुत्रं भुंकत होतं आणि कुणीतरी लाकडावर ठोकत होतं. तिने आपण कोण ते सांगितलं. बोटवालीला ती आठवत होती. "एकच अडचण आहे," ती म्हणाली, "आम्ही सगळेच पाण्यात असणार. वरच्या पुलापाशी गाडी राहील, ती खाली कशी आणायची?"

"अहो, ती आम्ही आणतो की," बोटवाली म्हणाली. "सगळ्यांचीच आणतो. किल्ली देऊन जायची. माझा भाऊ दुपारी नेऊन लावतो खालच्या गावात. त्याच्यासाठी कशाला कुणी मागे राहायचं?"

फोन बंद झाला. जावयाने टाळी वाजवल्यासारखे हात जुळवले. "वा," तो म्हणाला, "मग प्रश्नच मिटला." नवराही हसला. "उगीच एवढा वेळ डोकं चालवलं," तो म्हणाला आणि खुर्चीत मागे रेलला. दोघांच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता, आणि तिला दिसलं की त्यांच्या दृष्टीने गेला अर्धा तास आता घडलाच नव्हता.

"हे बोटवालीला विचारावं असं तुझ्या मनात का नाही आलं?" तिने जावयाला विचारलं.

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. तो प्रामाणिक होता, हे तिला कबूल करावंच लागलं. कपाळावर आठी घालून तो दुपारपासूनचं सगळं मनात फिरवून बघत होता. "खरं सांगू, आई?" तो शेवटी म्हणाला. "नाहीच आलं. विचारायची गरजच वाटली नाही. तुम्ही होतात ना."

तो हे प्रेमाने म्हणाला. तिने उत्तरासाठी तोंड उघडलं, पण तिच्या आधी ओट्याकडून आवाज आला.

"आणि त्यानंतर मी होते," लेक म्हणाली.

नळ चालू होता. तिने तो बंद केला. जावई तिच्याकडे बघायला लागला, आणि नवराही. लेकीने धुवायला घेतलेली ताटं पुन्हा उचलली, टेबलापाशी आली, ती सगळी चळत आपल्या नवऱ्यासमोर नकाशावर ठेवली, पाणी निथळत होतं तशीच, आणि आईच्या शेजारची खुर्ची ओढून खाली बसली.